नवऱ्याची नक्कल

माझ्या नवऱ्याला नकला करता यायच्या. लग्न होऊन मी तासगावजवळच्या त्या गावात गेले, तेव्हा सासरच्या घरात मी पहिल्यांदा हसले ते त्यामुळंच. नव्या सुनेनं मोठ्यानं हसू नये हे मला आईनं बजावून पाठवलं होतं. पण पंगतीत बसल्या बसल्या ते आमच्या लग्नातल्या भटजींसारखं नाकात मंगलाष्टक म्हणायला लागले, मध्येच थांबून दक्षिणेकडं डोळा टाकायला लागले, आणि माझ्या हातातलं ताकाचं भांडं कलंडलं. सासूबाई रागावल्या नाहीत. त्या स्वतःच पदर तोंडात कोंबून बसल्या होत्या.

एसटीचा कंडक्टर, साखर कारखान्याचा भोंगा, कोंबड्यांना हाका मारणाऱ्या सासूबाई, थंडीत ट्रॅक्टर सुरू होईना म्हणून त्याच्या आईचा उद्धार करणारे थोरले दीर. सगळं हुबेहूब. पण एक होतं. लंगड्याची, तोतऱ्याची नक्कल त्यांनी कधी केली नाही. गल्लीत एक तोतरा शिंपी होता, पोरं त्याचं करून दाखवा म्हणून मागं लागायची. ते म्हणायचे, "आन त्येला ऐकू गेलं तर?" ज्याची नक्कल करायची तो समोर असला, तर ती संपल्यावर ते आधी त्याच्या तोंडाकडं बघायचे. त्याला लागलं तर नाही ना, हे बघायचे. हे बघणं इतरांच्या ध्यानात येत नसे. मी मात्र हसता हसता तेवढ्यासाठी थांबायची.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि आमच्याकडं ज्याच्या विहिरीला पाणी होतं तो द्राक्षं लावायला लागला. आमच्या दिरांनीही लावली. मांडव घालायला दगडी खांब लागायचे. खाणीवरून ट्रॉलीत भरून आणायचे आणि रानात उभे करायचे. त्या दिवशी दीर ट्रॅक्टरवर होते, माझा नवरा मागून चालत होता. चढाला खांबांचा दोर सैल झालाय असं त्यांना वाटलं. ते आवळायला ट्रॉलीच्या मागं गेले आणि वरचा खांब सरकला. तो त्यांच्या उजव्या भुवईच्या वर बसला.

मी भाकरी घेऊन रानात निघाले होते. मला आरडाओरडा ऐकू आला. एसटी येत होती, लोकांनी ती अडवली. ड्रायव्हरनं काही विचारलं नाही. मागचं लांब बाकडं रिकामं करून त्यांना आडवं केलं आणि गाडी कुठल्याच थांब्याला न थांबवता त्यानं थेट मिरजेच्या दवाखान्यात नेली. उतारू उभे राहून आले, कुणी कुरकुर केली नाही. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. जखम दाबून धर, दाबून धर असं सगळे ओरडत होते. मी दाबलं तर आतलं हाड हललं. माझ्या बोटांना ते कळलं. पुढं कित्येक महिने पीठ मळताना खडा लागला तरी मी हात झटकायची.

डॉक्टरांनी कपाळाच्या हाडाचे तुकडे काढले. ते वाचणार नाहीत असंच सगळे धरून होते. ते बेशुद्ध पडून असताना सासूबाई पलंगाखाली सतरंजी टाकून झोपायच्या. मग एका सकाळी नर्सबाई पट्टी बदलायला आली आणि माझ्या नवऱ्यानं डोळे उघडून तिला आईवरून शिवी दिली. त्यांच्या तोंडून मी तशी शिवी कधी ऐकली नव्हती. सासूबाई धावत बाहेर गेल्या, "माजं लेकरू बोललं गं!" म्हणून रडल्या आणि अख्ख्या वॉर्डात साखर वाटली. त्या नर्सबाईलाही दिली. मीही खाल्ली.

इथून पुढं मी त्याला 'तो' म्हणणार आहे. तोंडावर मी शेवटपर्यंत 'आवं'च म्हटलं. पण ज्यांच्याशी माझं लग्न झालं ते आणि मिरजेहून घरी आला तो, या दोघांना एकच शब्द वापरणं मला जमत नाही.

घरी आला तेव्हा त्याच्या कपाळावर एक खळगा होता. वर कातडी, आत हाड नाही. तो खळगा नाडीबरोबर उडायचा. राग आला की भरून यायचा. हातपाय धड, बोलणं धड, चालणं धड. गाव बघायला आलं आणि म्हणालं, देवाची कृपा.

पहिल्यांदा मला कळलं ते वासाचं. गोठ्यात म्हैस मरून पडली होती, घरात थांबवत नव्हतं, आणि हा तिथंच दारात बसून भाकरी खात होता. मग खाणं. दुरडीतल्या भाकरी संपल्या की दुसऱ्याच्या ताटातली उचलायची. आमची मुलगी तेव्हा नुकती बोलायला लागली होती. तिच्या हातातला घास तो काढून घ्यायचा, ती रडायला लागली की तिच्या तोंडाकडं बघत तो चावायचा. रागानं नव्हे. आपण चाक फिरताना बघतो तसा.

मारायचाही. कालवणात मीठ कमी, दार लावलेलं, दार उघडं, कशावरूनही. मार संपला की लगेच, "भूक लागलीया, वाढ." मागचं काही त्याच्या मनात राहायचंच नाही. मीच फुगलेल्या गालानं बसलेली असायची आणि तो विचारायचा, "तुला काय झालं?"

आणि नकला शाबूत राहिल्या होत्या. उलट आधीपेक्षा चांगल्या व्हायला लागल्या. मामंजींना दमा होता. ते सोप्यात उशीला टेकून बसायचे. हा त्यांच्या समोर बसायचा आणि त्यांचा श्वास काढायचा. आत घेताना शिट्टी, सोडताना घरघर, मध्ये खांदे वर. म्हातारा दमायचा, हा दमायचा नाही. मामंजी एकदा मला म्हणाले, "पोरी, ह्येला तिकडं ने गं. माजं मराण माज्याम्होरं बसल्यालं मला बगवत न्हाई." मी हात धरून उठवायला गेले, तर त्यानं माझं बोट मागं वाकवलं. ते करंगळीशेजारचं बोट अजून सरळ होत नाही.

त्या हिवाळ्यात मामंजी गेले. सुतकात माणसं सोप्यात बसली होती, सासूबाई भिंतीला टेकून होत्या. आतल्या खोलीतून मामंजींचा आवाज आला, "अगं ए, पाणी आण की जरा." सासूबाई उठल्या. विचार करायला वेळच मिळाला नाही त्यांना. तांब्या भरून धावत आत गेल्या आणि आत हा बसलेला. तो हसला. बाहेर एक-दोघं हसली, खरं सांगायचं तर हसू दाबताना त्यांचं नाक वाजलं. सासूबाईंनी तांब्या तिथंच ठेवला आणि भिंतीवर डोकं आपटायला लागल्या.

मग आम्ही पुन्हा मिरजेला गेलो. त्याच डॉक्टरांकडं. वयस्कर माणूस, कानडी वळणाचं मराठी बोलायचे, पण सावकाश, समजेल असं. त्यांनी त्याला डोळे मिटायला लावून नाकाखाली कापूर धरला, मग कॉफीची पूड, मग लसूण. "काय आहे?" "काय न्हाई." तिन्हीला तेच.

सासूबाई म्हणाल्या, "डागदर, त्येचं समदं जाग्यावर हाय की. मग ह्यो असा का वागतुया? मुद्दाम करतुया का कुणी केलंय?"

डॉक्टरांनी टेबलावर दोन्ही हातांची बोटं समोरासमोर धरली, मध्ये थोडी जागा सोडली. म्हणाले, मेंदूत अब्जावधी बारीक पेशी असतात आणि त्या एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मधल्या फटीतून रसायनं पाझरतात, तीच निरोप नेतात. भूक लागली, राग आला, आता थांब, आता पुरे, हे सगळे निरोपच. कपाळाला मार बसला तेव्हा वासाचे तंतू तुटले. त्यांच्या शेजारीच आवर घालणारा भाग आहे, तोही चेचला. तिथल्या काही पेशी मेल्या आणि जगल्या त्यांची रसायनं बिघडली. काही नको इतकी सुटतात, काही सुटतच नाहीत. राग येतो तो पोचतो. थांब म्हणणारा निरोप पोचत नाही.

सासूबाईंनी हे सगळं मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाल्या, "म्हंजी कंचा तरी रस कमी पडलाय. त्यो कंचा ते सांगा. आमी करून घालू. हुलग्याचा म्हना, पायाचा म्हना."

डॉक्टर हसले नाहीत. "बाई, तो चुलीवर होत नाही. माझ्याकडंही नाही."

मी विचारलं, "हे पहिल्यासारखे होतील का?"

"नाही."

एवढंच म्हणाले. गोळ्या लिहून दिल्या. या गोळ्यांनी बरं वाटणार नाही, नुसतं दाबून राहील आणि फिट यायची नाही, म्हणाले. एकदम बंद मात्र करायच्या नाहीत, काही झालं तरी नाही. हे त्यांनी आमच्या दोघींकडून वदवून घेतलं. निघताना मला मागं थांबवलं. "तो मुद्दाम करत नाही. पण मुद्दाम नाही म्हणून तुम्हाला लागत नाही असं थोडंच आहे? मुलीला त्याच्याजवळ एकटी सोडू नका."

गोळ्यांनी तो गप्प झाला. दिवसभर ओट्यावर बसायचा, ओठाच्या कडेनं लाळ गळायची. मारणं थांबलं. मी त्या दिवसांत अंगानं भरले. केस विंचरायला लागले. मुलगी त्याच्या शेजारी बसून खेळायची आणि त्याला कळायचंही नाही.

पण हे कुणालाच आवडलं नाही. सासूबाई म्हणायच्या, "शिव्या देत व्हता तरी माजं लेकरू व्हतं. ह्ये काय, पोतं हाय नुसतं." आणि गावाची करमणूक गेली. घरात तो काय करायचा हे मी सांगितलं, गोळ्यांच्या आधी बाहेर काय करायचा ते सांगायचं राहिलं. बेदाण्याच्या शेडवर माणसं दुपारची टेकायची. याला बोलवून घ्यायची, भेळ-भजी पुढं ठेवायची आणि सांगायची, "कर गड्या." आता तोतऱ्या शिंप्याचंही व्हायचं. शिंप्याच्या समोर व्हायचं. भजी संपत आली की कुणीतरी म्हणायचं, "बायकूचं कर की रं." आणि तो करायचा. आम्ही दोघं एकांतात असताना मी जे बोलले असेन, ज्या आवाजात, जसा श्वास घेऊन, ते सगळं चारचौघांत. मला हे ठाऊक नव्हतं. एकदा विहिरीवर मी घागर लावली आणि शेजारची बाई माझ्याकडं न बघता बारीक आवाजात माझंच एक वाक्य बोलली. बाकीच्या बायका खाली वाकल्या. ते वाक्य मी जगात एकाच माणसाशी बोलले होते. मी घागर भरली, डोक्यावर घेतली आणि घरी आले. दुसरं काय करायचं असतं?

देवऋषी सुचवला तो माझ्याच आईनं. माझं माहेर माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं. पुरुष सगळे मुंबईला, मागं बायका, म्हातारे आणि मेंढरं. आई म्हणाली, आमच्याकडं एक जण आहे, लागलेलं काढतो. सासूबाई याला घेऊन लगेच निघाल्या. मलाही जावं लागलं.

त्या माणसाचा आवाज मोठा नव्हता. नाकातून, थांबत थांबत बोलायचा. "कोन हाय... बोल... कुटं पळतूस..." मिरच्यांची धुरी केली आणि याला त्यावर ओणवा धरला. वास येत नव्हता, पण घसा तर होता. तो खोकून खोकून लाल झाला, कपाळावरचा खळगा टरारून वर येत होता, खाली जात होता. देवऋषी ते लोकांना दाखवत म्हणाला, बघा, आत हाय, बाहेर यायला बघतंय. मग निर्गुडीच्या फोकानं पाठ फोडली. माझी आई बघत होती, सासूबाई बघत होत्या, हात जोडून. शेवटी त्यानं विचारलं, डॉक्टरचं काही चालू आहे का. गोळ्यांनी ते दाबून धरलंय, म्हणून निघत नाही, म्हणाला.

सासूबाईंनी माझ्या पिशवीतून गोळ्या काढल्या आणि बाभळीच्या झुडपात फेकल्या. मी म्हटलं, "आवं आत्याबाई, डॉक्टर काय म्हणालं हुतं? एकदम बंद करायच्या न्हाईत."

"तुला त्यो गप बसल्यालाच बरा वाटतुया," त्या म्हणाल्या. "नवऱ्याचं पोतं झालं तरी तुला चालंल."

ते खोटं नव्हतं.

परत येताना एसटीतच त्याला पहिली फिट आली. दात करकरले, पाय बाकड्यावर आपटायला लागले, तोंडातून फेस आला. सासूबाईंनी हात जोडले. निघालं, निघालं, म्हणाल्या.

घरी आल्यावर काही दिवसांनी जेवता जेवता त्यानं देवऋषी काढला. नाकातला तो आवाज, ते थांबणं. "कोन हाय... बोल..." सासूबाई भाकरी वाढत होत्या. त्यांनी भाकरी परातीत ठेवली आणि त्याच्या पायावर डोकं टेकलं. त्याचा घास हातात राहिला. त्यानं आईच्या पाठीकडं बघितलं, मग माझ्याकडं. कुणाला काय केलं की काय होतं, हे त्याला चटकन कळायचं. ते कळणं खांबाच्या मारानं गेलं नव्हतं. फक्त ते कशासाठी वापरायचं, ते गेलं होतं.

महिन्याभरात लोक यायला लागले. नारळ, हळद, कुंकू. जे शेडवर भजी घालून हसायचे त्यांच्यातलेही आले, बायकांना घेऊन. तो ओट्यावर बसायचा आणि नाकातून बोलायचा. अधूनमधून फिट यायची, तेव्हा तर गर्दी आणखी पाया पडायची. थोरल्या दिरांना सगळं कळत होतं. मी त्यांना म्हटलं तर म्हणाले, "येत्यात तर येऊ दे लोकं. त्या येळंला त्यो कुणाला मारत तर न्हाई."

एकदा गर्दीत त्यानं माझ्याकडं बोट केलं. "हिच्या हातचं... पानी पिऊ नका... भाईर ठेवा..." का ते विचारू नका, त्याचं त्यालाही ठाऊक नसणार. सकाळी मी त्याला तिसरी भाकरी उशिरा दिली असेल. सासूबाईंनी त्याच दिवशी माझं अंथरूण गोठ्यात टाकलं. मुलीला माझ्याबरोबर दिलं नाही. थोरली जाऊ लांबून ताट सरकवायची.

गोठ्यात तो दुपारचा यायचा. कधी मारायला, कधी नुसता. अशाच एका दुपारी माझ्या मनात आलं आणि मी बोलून गेले. "आवं, सगळ्यांचं करता. एकदा तुमचं करा की. लग्न झालं तवा तुमी कसं बोलायचा ते."

त्यानं जरा वेळ माझ्याकडं बघितलं. मग त्याचे खांदे खाली आले, मान किंचित डावीकडं झाली आणि तो म्हणाला, "दमलीस व्हय गं? बस जरा. म्या बगतो म्हशीकडं."

तो आवाज. ते माझे होते, ते. बोलून झाल्यावर ते माझ्या तोंडाकडं बघत होते, मला लागलं तर नाही ना म्हणून. मी उठून त्यांचे हात धरले. आणि त्यानं ते सोडवून घेतले आणि विचारलं, "खायाला काय हाय?"

त्यानंतर मी रोज मागायला लागले. लाज नव्हती मला. माझ्या ताटातलं त्याच्यासाठी राखून ठेवायची. थोड्या दिवसांत त्याला समजलं की ही वस्तू हिला फार हवी आहे. मग तो दारात उभा राहून म्हणायचा, "आदी रड."

मी रडायची.

"आसं न्हवं. मोठ्यानं."

मी मोठ्यानं रडायची. मग तो आधी माझ्या रडण्याची नक्कल करायचा, सगळी, हुंदक्यासकट, आणि ती झाल्यावर, वाटलं तर, एखादं वाक्य त्यांच्या आवाजात बोलायचा. "साडी चांगली दिसतीया." "पोरगी तुज्यावानी हसती." कधी काहीच बोलायचा नाही, तसाच निघून जायचा. आणि मी दुसऱ्या दिवशी पुन्हा रडायची. गोठ्याच्या भिंतीपलीकडून थोरली जाऊ हे ऐकायची. तिनं सगळीकडं सांगितलं की ही आपल्या पापाची कबुली देते आहे.

हे आणखी किती चाललं असतं मला सांगता येत नाही. मी आपणहून उठले नसते. पण एक दिवस ओट्यावर गर्दी असताना मुलगी मध्येच त्याच्या मांडीवर चढायला गेली. त्यानं तिला खाली ढकललं आणि नाकातल्या आवाजात म्हणाला, "हिच्या हातावर... कापूर लावा... आईचं हाय का बापाचं... कळंल..."

मी गोठ्याच्या दारातून बघत होते. मला वाटलं, कुणीतरी उठेल. दीर होते तिथं, शाळेचे मास्तर होते, शेजारची माणसं होती. सासूबाईंनी नातीचा हात धरून तळवा उघडला, त्यावर कापराची वडी ठेवली आणि काडी ओढली. पोरगी ओरडली तशी मी धावले. कापूर खाली पडला होता, पण तळव्याची कातडी पांढरी झाली होती. मी तिला उचललं. मागून तिचीच किंकाळी आली. मी वळून बघितलं, ती तर माझ्या खांद्यावर मुसमुसत होती. किंकाळी तो काढत होता. हुबेहूब. आणि लोकांनी नमस्कार केला.

मी तशीच चालत रस्त्यावर आले आणि मिळाली त्या एसटीत चढले. मिरजेला त्याच डॉक्टरांनी मुलीचा हात बांधून दिला. गोळ्या बंद झाल्याचं सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मागं टेकले. "मग त्याला जास्त दिवस नाहीत," म्हणाले. "त्यांना कळवा." मी कळवलं नाही. कळवून ऐकणारं कोण होतं तिथं?

माहेरी आई म्हणाली, लेकीनं असं निघून यायचं नसतं, देवाचं माणूस आहे ते, तुला सुधारायला म्हणून तसं केलं असेल. माझा भाऊ फौजेतून रजेवर आला होता. तो मला साताऱ्याला घेऊन गेला. तिथं त्याच्या ओळखीनं एका प्रसूतिगृहात मला काम मिळालं. बाळंतिणींचे कपडे धुवायचे, पोरांना न्हाऊ घालायचं. बायका दिवसरात्र ओरडायच्या. मला बरं वाटायचं. ती ओरड खरी असायची आणि काही वेळानं संपायची.

तो गेल्याचा निरोप दिरांनी धाडला. बागेत फवारणीसाठी मोरचूद आणि चुना कालवायची सिमेंटची टाकी असते, गुडघाभर. तो एकटाच तिथं गेला होता. फिट आली आणि तोंडावर आत पडला. गडी जेवायला गेले होते. मी पोचले तेव्हा त्याला अंगणात ठेवलं होतं. तोंड, केस, मान, सगळं निळसर, कपाळाच्या खळग्यात निळं पाणी सुकलेलं. आणि लोक दोन्ही हात जोडून रांगेनं दर्शन घेत होते, नीळकंठ, नीळकंठ म्हणत. विहिरीवरच्या त्याच बायकांनी माझ्या बांगड्या फोडल्या. शेजारची ती बाई सगळ्यांत मोठ्यानं रडत होती. माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि त्यांनी तेही ध्यानात ठेवलं.

काही वर्षांनी सासूबाई साताऱ्याला आल्या. एकट्या, विचारत विचारत. मी पाणी दिलं, त्या प्यायल्या. नातीकडं बघितलं. ती शाळेचा अभ्यास करत होती, तिनं वर बघितलं नाही. मग म्हणाल्या, "त्यो मिरजंचा डागदर तवा काय म्हणाला व्हता गं? मला नीट उमगलं न्हवतं. परत सांग."

मी बोटं समोरासमोर धरून सगळं पुन्हा सांगितलं. फट, रसायनं, निरोप. त्यांनी या वेळी मान वर ठेवून ऐकलं.

"म्हंजी देव न्हवता."

"न्हाई."

"आन भूतबी न्हवतं."

"न्हाई."

"मग गोळ्या दिल्या असत्या तर?"

त्यांना काय ऐकायचं होतं ते मला दिसत होतं. म्हातारी एवढ्या लांबून तेवढ्यासाठीच आली होती. 'नशीब होतं' एवढे दोन शब्द मी बोलायचे होते.

"जगला असता," मी म्हटलं. "फिट आली नसती. तुम्ही गोळ्या बाभळीत फेकल्या म्हणून त्यो गेला, आत्याबाई."

त्यांनी मान हलवली. जराशानं मी ताट वाढलं, त्या जेवल्या, सगळं संपवून. तळव्यावर डाग राहिलेल्या नातीनं त्यांना स्टँडपर्यंत पोचवलं. त्या पुन्हा आल्या नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. त्या संध्याकाळी प्रसूतिगृहात एक अडलेली बाई आली होती, तिच्यापाशी मी उशिरापर्यंत होते.